रामटेके भाऊंचा प्लॅटफॉर्म

शाळेच्या सभेत चहाचा ट्रेसुद्धा हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय आत येऊ न देणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे. ते म्हणजे आमचे रामटेके भाऊ.

पालक-शिक्षक संघाची वर्षातली पहिली सभा होती. जुलै महिना, पंखे फिरत होते पण वारा लागत नव्हता, आणि आमचे अध्यक्ष वर्माजी गेल्या वर्षीचा अहवाल वाचत होते. तो त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला असावा, कारण मधेमधे त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटत होतं. शाळेतल्या एक बाई भरलेल्या कपांचा ट्रे घेऊन दाराशी आल्या आणि नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या बाई रिकामे कप घेऊन बाहेर निघाल्या. दार अरुंद. तेवढ्यात मागच्या बाकावरून कानाचे पडदे फाडणारी शिट्टी वाजली. वर्माजींच्या हातातला कागद खाली पडला.

पांढऱ्या गणवेशातला एक सावळा, भरघोस मिशांचा माणूस उभा राहिला होता. काखेत गुंडाळलेल्या दोन झेंड्या. त्यातली लाल उघडून त्याने चहाच्या ट्रेला दाखवली.

“रुको! पहले अंदरवाली गाडी निकलने दो.”

रिकामे कप बाहेर गेले. त्याने मान लांब करून ते पुरते गेल्याची खात्री केली, मग हिरवी झेंडी उघडली आणि चहा आत आला. एक थेंब सांडला नाही. मी संघाची सचिव असल्यामुळे सभेत जे घडेल ते लिहून ठेवणं माझं काम. हे कसं लिहायचं ते मला कळेना, म्हणून मी नुसतं ‘चहापान सुरळीत पार पडलं’ असं लिहिलं.

सभा सुटल्यावर हाच माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“ताई, कापगते म्हंजे साकोलीकडचे का जी?”

मी म्हटलं, हो, सासर तिकडचंच.

“मंग तं घरचेच निंगाले! मी रामटेके. गाव गोंदियाच्या पलीकडे. आता चरोद्याले रेल्वेच्या क्वार्टरमधी राहतो. पोरगी प्रज्ञा, सहावीत आहे. तुमचा कोन्त्या वर्गात?”

आता इथे छत्तीसगडात, भिलाईत, घराबाहेर कुणी मराठी बोललं की आपण आधी दचकतो. आमच्याकडे मराठी ही देवघरातल्या समईसारखी, घरात लावायची आणि तीही सणावाराला. माझा स्वतःचा मुलगा “मम्मी, मले भूक लगी है” असं बोलतो आणि त्याला त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. त्यामुळे रामटेके भाऊंचं ते भरभरून बोलणं ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे पहिली दहा मिनिटं बरं वाटलं. नंतर माझ्या लक्षात आलं की ते थांबतच नाहीत. शाळेच्या फाटकापर्यंत बोलले, माझ्या स्कूटीपर्यंत बोलले, मी स्कूटी सुरू केली तरी हँडल धरून बोलत राहिले. शेवटी मी म्हटलं, “भाऊ, कोहक्याला पोचायचंय, पाऊस येईल.” तेव्हा त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, हिरवी झेंडी काढली आणि मला रीतसर रवाना केलं.

रामटेके भाऊ मालगाडीचे गार्ड आहेत. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण हे नाव त्यांना पटलेलं नाही. “मॅनेजर म्हंजे कसा, एसीमधी बसते, घंटी वाजवते. मी सगळ्यात मागच्या ब्रेकव्हॅनमधी बसतो आन् मच्छर मारतो. गार्डच म्हना जी.” आमच्या शाळेत पालकांच्या दोन जाती आहेत, एक पोलाद कारखान्यातले प्लांटवाले आणि एक रेल्वेवाले. प्लांटवाले पाळीच्या भाषेत बोलतात आणि रेल्वेवाले सिग्नलच्या. पण रामटेके भाऊंइतकी रेल्वे दुसऱ्या कुणाच्या अंगात भिनलेली मी पाहिली नाही. फोन उचलला की ते ‘हॅलो’ म्हणत नाहीत, “लाइन क्लियर आहे का?” असं विचारतात. आपण हो म्हटलं तरच पुढे बोलतात. मी एकदा चिडून नाही म्हटलं, तर “ठीक आहे, आउटर सिग्नलले थांबतो” म्हणून त्यांनी फोन न ठेवता तसाच कानाला लावून ठेवला. माझी पोळी भाजून होईपर्यंत ते तिकडे थांबलेले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे ते कुठल्याही रांगेत शेवटी उभे राहतात. फी भरायची असो, लग्नाच्या पंगतीत ताट घ्यायचं असो, मागून कुणी आलं की ते त्याला आदराने पुढे करतात आणि स्वतः एक पाऊल मागे सरकतात. परिणामी त्यांना कधीकधी गुलाबजाम मिळत नाही. पण “गार्ड समोर गेला का समजा गाडीचं काही खरं नाही” हे त्यांचं तत्त्व, आणि तत्त्वापुढे गुलाबजामची काय कथा!

त्या वर्षी आमच्या संघापुढे एक मोठा प्रश्न होता. वर्षभर जो निधी जमेल त्याचं काय करायचं? वर्माजींना साउंड सिस्टिम हवी होती. वर्माजींचा मंडप-कॅटरिंगचा धंदा, समारंभ हा त्यांचा प्राण. दरवर्षी स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे बोलायला लागले की आमचा माइक किंचाळतो, आणि वर्माजींना तो अपमान स्वतःच्या घरच्या लग्नात झाल्यासारखा लागतो. रामटेके भाऊंना मात्र शेड हवी होती. शाळेच्या फाटकाबाहेर एक गुलमोहर होता, तो रस्ता रुंद करताना गेला. तेव्हापासून सुट्टीच्या वेळी तिथे नुसतं ऊन. त्या जागी पत्र्याची शेड घालावी, खाली बाक टाकावेत, असं त्यांचं म्हणणं.

म्हणणं काय, ध्यासच. शेड म्हणत नसत ते, प्लॅटफॉर्म म्हणत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे त्यांनी त्याचं चित्र काढलं होतं आणि ते प्रत्येक सभेत भिंतीला धरून उभे राहत. बाक, पाण्याचा नळ, घड्याळ, आणि दोन्ही टोकांना पिवळ्या पाट्या. पाटीवर शाळेचं नाव हिंदीत, इंग्रजीत आणि खाली लहान अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची.

आमच्या प्राचार्या साहू मॅडम शांत स्वभावाच्या आहेत. त्यांनी चष्मा काढून ते चित्र बराच वेळ पाहिलं.

“रामटेकेजी, यहाँ बच्चे आते हैं, ट्रेन नहीं आती.”

“मॅडम, उतरते तो हैं ना?”

“और ये समुद्र से ऊँचाई?”

“वो साइन्सवाले सर से पूछ लेंगे, मॅडम. उनको मालूम होना चाहिए.”

विज्ञानाचे सर त्यानंतर महिनाभर रामटेके भाऊ दिसले की प्रयोगशाळेत जाऊन बसायचे.

शेवटी असं ठरलं की आधी पैसे जमवू, मग भांडू. आमच्या संघाच्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणपणाचा ठराव असेल.

आता शेडसाठी काम करायचं म्हणजे रामटेके भाऊंनी स्वतःला त्यात लोटूनच दिलं. ड्युटी नसेल त्या दिवशी ते शाळेत हजर. हरेलीच्या सणाला पोरांना गेडीवर, म्हणजे बांबूच्या उंच काठ्यांवर, चालायला शिकवायला माणूस हवा, रामटेके भाऊ. गणवेशांचा जुना बाजार भरवायचा, रामटेके भाऊ. रक्तदान शिबिरात तर ते स्वतः रक्त देऊन झाल्यावर बिस्किट खात खात पुढच्या माणसाला हिरवी झेंडी दाखवायला उभे राहिले. डॉक्टरने त्यांना परत खाटेवर आडवं केलं.

दिवाळीआधीच्या आनंद मेळाव्यात त्यांनी तर्री-पोह्याचा स्टॉल घेतला. पोहे मी आणि आणखी दोघींनी केले होते, तर्री रामटेके भाऊंनी स्वतः, आणि ती अशी जहाल की नुसत्या वासाने डोळ्यांत पाणी यावं. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. आता कुणीही शहाणा माणूस काय करील? पटापट प्लेटा भरील. रामटेके भाऊंनी पहिल्या गिऱ्हाइकाला प्लेट दिली आणि दुसऱ्यासमोर लाल झेंडी आडवी धरली.

“भाऊ, द्या ना त्यांना!” मी मागून ओरडले.

“असं कसं देऊ जी? समोरचा सेक्शन मोकळा नाही झाला अजून. एका सेक्शनमधी एकच गाडी.”

त्यांचा सेक्शन म्हणजे स्टॉलपासून पाण्याच्या ड्रमपर्यंतचा भाग. एक माणूस पोहे खाऊन, हाय-हुय करत ड्रमपर्यंत पोचला, पाणी प्यायला, की दुसऱ्याला प्लेट. शेजारी वर्माजींच्या चाटच्या स्टॉलवर धडाधड विक्री चाललेली आणि आमच्याकडे एवढी मोठी रांग उन्हात उभी. मी डोक्याला हात लावला. पण गंमत अशी झाली की कुणी रांग सोडेचना. प्रत्येक गिऱ्हाइक तर्री तोंडात गेल्यावर ड्रमकडे कसं धावतं, हे बघायला सगळे थांबलेले. प्रत्येक जण पोचला की टाळ्या. शेवटी चाटवाली गर्दीसुद्धा प्लेटा हातात घेऊन आमच्याकडे बघायला आली. आमचे पोहे संध्याकाळपर्यंत पुरले नाहीत, आणि रामटेके भाऊंना यात विशेष काही वाटलं नाही. “सिस्टीमनं चाललं का सगळं होते, ताई,” एवढंच म्हणाले.

पण त्यांची खरी कीर्ती झाली ती वॉकेथॉनमध्ये. शाळेपासून मैदानापर्यंत मुलं, आईबाप, शिक्षक सगळ्यांनी चालत जायचं आणि वाटेत दानपेट्या फिरवायच्या, अशी ती कल्पना होती. नाव वर्माजींनी ठेवलं, आणि अध्यक्ष म्हणून सगळ्यात पुढेही तेच. रामटेके भाऊ अर्थातच सगळ्यात मागे.

डिसेंबरचं छान कोवळं ऊन. निम्मा रस्ता झाला असेल. समोरच्या वळणावर चालणाऱ्यांसाठी मागवलेला केळ्यांचा टेम्पो दिसला, तो चुकीच्या बाजूला निघालेला. त्याला बोलवायला म्हणून वर्माजींनी गळ्यातला लाल गमछा काढला आणि हवेत जोरजोरात हलवला.

आता हे समजायला चरोद्याचा माणूस ओळखीचा हवा. कुणी समोरून लाल कापड हलवताना दिसलं की रेल्वेवाल्याचा पाय आपोआप थांबतो. तो विचार करत नाही, विचारतही नाही. पुढे चालणारे प्लांटवाले हसत-बोलत तसेच पुढे गेले आणि आमच्यापैकी रेल्वेचे जेवढे होते, ते सगळे रस्त्यात उभे. बाप थांबले, त्यांच्या बायका थांबल्या, खांद्यावरची पोरं थांबली. आणि त्यांच्यामागे अडकलेले आम्हीही थांबलो. बघता बघता पुढची निम्मी मिरवणूक वळणाआड दिसेनाशी झाली.

मागून रामटेके भाऊ आले. त्यांनी मोकळा रस्ता पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण खरं सांगायचं तर थोडा आनंदही होता.

“ताई, गाडी मधातून तुटली.”

“तुटली काय भाऊ! वर्माजींनी केळीवाल्याला हात केला नुसता. चला पुढे.”

“कोनाले केला ते मले नका सांगू. लाल म्हंजे लाल. समोरून हिरवी आल्याबिगर मी गाडी हलवत नाही.”

“अहो पण लोक उभे आहेत!”

“तेच म्हनतो ना. उभ्या गाडीले मागून दुसरी गाडी ठोकून देईन. मले पयले मागे जा लागते.”

आणि ते खरंच मागे गेले. चांगले लांब गेले आणि रस्त्याच्या मधोमध लाल झेंडी धरून उभे राहिले. एक ट्रक थांबला. दोन ऑटो थांबले. रिसालीकडे लग्नाला निघालेली एक बँडपार्टी टेम्पोतून येत होती, तीही थांबली. ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला, तर भाऊंनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने तो काढला.

इकडे मी वर्माजींना फोन लावून लावून थकले. ते मैदानावर पोचले होते आणि त्यांच्या तोंडात केळं होतं.

“कापगते मॅडम, आप लोग कहाँ रह गए?”

“हम लोग लाल झंडी पे खड़े हैं. आप हरा कुछ लेके आइए.”

“हरा क्या?”

“कुछ भी! पर हरा!”

बँडवाल्यांना तोवर कंटाळा आला. ते खाली उतरले आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मग काय, पोरं सुटलीच. पोरांमागे आया, आयांमागे त्या दोन ऑटोंतल्या सवाऱ्या. ट्रकवाला सरदार खाली उतरून इतका सुंदर नाचला की त्याने मगाशी हॉर्न वाजवला होता हे मी तिथेच विसरले. आमच्या मुली दानपेट्या घेऊन फिरल्या. नाचणारा माणूस खिशात हात घालताना फार विचार करत नाही. कुणीकुणी “पैसे लो, पर रास्ता दो” म्हणूनही टाकले असतील, पण टाकले.

शेवटी वर्माजी आले. कुणा प्लांटवालीची हिरवी ओढणी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, धापा टाकत, घामाने डबडबलेले. रामटेके भाऊंनी लांबून ती नीट निरखली, आपलीही हिरवी दाखवली आणि लांबलचक शिट्टी दिली. गाडी सुटली. ट्रक, ऑटो, बँड सगळंच आमच्यामागे मैदानावर आलं. केळी संपली होती, पण आमच्या पेट्या पुढच्यांपेक्षा जड होत्या. वर्माजी त्यावर एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला फोन करून सांगितलं, “अगले साल भी इस आदमी को पीछे ही रखना.”

एवढं झालं तरी साउंड सिस्टिमचा हट्ट त्यांनी सोडला नव्हता. निर्णयाची सभा मार्चअखेरीला ठरली. रामटेके भाऊ आठवडाभर आधीपासून अस्वस्थ होते. मला रोज फोन. “ताई, तुमचं मत शेडलेच ना? पक्कं ना?” मला शेड असली काय आणि नसली काय, माझा मुलगा बसने घरी येतो. पण हा माणूस एका पत्र्याच्या छपरासाठी इतका जीव का टाकतो ते मला उमगत नव्हतं. प्रज्ञा तर चांगली दणकट मुलगी, उन्हात खो-खो खेळते. आणि घरचं कुणी उशिरा आलं म्हणून ती कधी ताटकळली असंही नाही, तिला न्यायला हे स्वतःच यायचे किंवा शेजारच्या काकू.

आणि नेमकी सभेच्या दिवशी भाऊंना ड्युटी लागली. गाडी सकाळीच चरोद्याला पोचायला हवी होती, ती कुठल्याशा लहान स्टेशनाबाहेर अडकून पडली. सभा सुरू झाली तेव्हा त्यांचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“लाइन क्लियर आहे का?”

“है, है, बोलिए,” साहू मॅडम म्हणाल्या. त्यांनाही आता सवय झाली होती.

भाऊ बोलायला लागले. उन्हाबद्दल बोलले, गेलेल्या गुलमोहराबद्दल बोलले, पत्र्याच्या जाडीबद्दल बोलले. मागे कुठेतरी कावळे ओरडत होते. वर्माजींनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. भाऊ पाण्याच्या नळापर्यंत आले, घड्याळापर्यंत आले, समुद्रसपाटीपर्यंत आले.

“मॅडम, ये सब तो ठीक है. पर शेड काहे को चाहिए, इसकी मेन बात अभी मैंने बोली नहीं. मेन बात ऐसी है कि...”

ते थांबले. हा माणूस शब्दासाठी अडलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

“बात ऐसी है मॅडम, कि...”

तेवढ्यात दूर इंजिनाची शिट्टी वाजली.

“सिग्नल मिला! रखता हूँ!” आणि फोन बंद.

सगळे टेबलावरच्या फोनकडे पाहत बसले. साहू मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “इनकी आधी बात सुनके ही मैं थक गई हूँ. पूरी बात के लिए अगली सभा नहीं रखूँगी. शेड बनवा दो.” हशा पिकला. हात वर झाले आणि त्यात शेवटचा, जरा रुसलेला, वर्माजींचा होता. मग त्यांच्यातला मंडपवाला जागा झाला आणि पत्रे आपल्या ओळखीतून आणू असंही ते म्हणाले.

एप्रिलच्या सुरुवातीला, नवे वर्ग सुरू होता होता शेड उभी राहिली. पिवळी पाटी काही मिळाली नाही, पण दोन लांब बाक, नळ आणि पंखा मिळाला. वर्माजींनी फीत लावली, साहू मॅडमनी कापली, पेढे वाटले. रामटेके भाऊ सगळ्यांच्या मागे उभे होते आणि त्यांना पेढा मिळाला नाही, म्हणून मी माझ्यातला अर्धा दिला.

त्यानंतर चारपाच दिवसांनी मला साहू मॅडमकडे काम होतं. भर दुपारी गेले. सुट्टीला अजून बराच अवकाश होता, रस्ता ओस पडलेला, कुत्रीसुद्धा नाल्यात सावलीला गेलेली. आणि शेडमध्ये, बाकाच्या टोकाला, रामटेके भाऊ एकटेच बसलेले. गणवेशातच होते, म्हणजे ड्युटीवरून थेट आलेले.

“काय भाऊ, इतक्या लवकर? शाळा सुटायला वेळ आहे अजून.”

“हो जी. मी लवकरच येत असतो.”

मी काम उरकून परत निघाले तरी ते तसेच. मला राहवेना. म्हटलं, “भाऊ, त्या दिवशी फोनवर मेन गोष्ट सांगायची राहून गेली ती. काय होती?”

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “हासान तुम्ही.”

“नाही हसत.”

“ताई, मी ब्रेकव्हॅनमधी असतो ना, समोर लांबच लांब डब्बे. ड्रायव्हर त्या टोकाले. मधात कोनी नाही. कधी कधी बाजूच्या लूप लाइनमधी गाडी टाकून देतेत तं दिवसभर मानूस दिसत नाही. वॉकीटॉकीवर बोलतो, पन ते काय बोलनं आहे? ‘ठीक आहे, ठीक आहे’, बस. घरी येतो तं घरवाली रायपूरच्या दवाखान्यात ड्युटीवर. ती येते तवा मले ड्युटीचा बुलावा. पोरगी मोठी होऊन राहिली. काही विचारलं का ‘पापा, बाद में’ म्हनते. तिचंही बरोबर आहे.” त्यांनी टोपी काढून हातात घेतली. “मंग मी इथे येतो. आधी घंटीच्या टायमाले यायचो, मंग लवकर या लागलो. वाटे, कोनी भेटीन. पन ऊन किती! बाया घंटी वाजते तवाच येतेत, पोरगं गाडीवर बसवलं का गेल्या. कोनी थांबतच नाही. तं म्हटलं, सावली केली तर लोकं थांबतीन. बसतीन. बसले का बोलतीन. हे सभेत कसं सांगू, ताई? पोरायले ऊन लागते म्हटलं.”

इतके महिने ज्या बडबडीला आपण वैतागत होतो तिच्याखाली एवढंसं मागणं होतं, या विचाराने मला फार वाईट वाटलं. घरी धुणं भिजत होतं, गॅसचा माणूस येणार होता. मी स्कूटीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि बाकावर बसले.

आणि भाऊ गप्प. सभेत कुणाला बोलू न देणारा माणूस नळाकडे बघत, टोपी या हातातून त्या हातात घेत बसून राहिला. आता बोलायला माणूस समोर होतं तर बोलायचं काय, ते त्यांना आठवेना. पंखा तेवढा फिरत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चाचरत विचारलं,

“ताई, आज भाजी काय केली?”

“वांगं-वडी,” मी म्हटलं.

“कोहळ्याच्या वड्या का जी?”

“हो. सासूबाई घालतात.”

“मंग सांगा ना,” ते माझ्याकडे वळून बसले. “कशी करता?”

मग मी सांगायला लागले. कोहळा किसण्यापासून सुरुवात केली, उडदाची डाळ किती वेळ भिजवायची, वड्या गच्चीवर कशा घालायच्या, माकडं आली तर काय करायचं, सगळं. ते मधेमधे “हो का?” म्हणत होते. शाळेची घंटा झाली तेव्हा माझी भाजी अजून फोडणीलाच पोचली होती.